साळवे मावशींनी पास केलेली वस्तू

परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये एका सहकाऱ्याने विचारलं, "यार, तुझ्याकडे गेमिंग कन्सोल आहे ना? मला घ्यायचाय. बाकी फीचर्स सोड, एवढंच सांग, भरोसे का है क्या?" प्रश्न साधा होता आणि ह्या विषयावर मी एरवी कुणी न विचारताही बोलते. आतला पंखा कधी घरघरायला लागतो, दिल्लीची धूळ कुठे जाऊन बसते, वॉरंटीत काय बसतं आणि काय बसत नाही, मला सगळं तोंडपाठ आहे. पण त्या दिवशी मी नुसतीच त्याच्याकडे बघत राहिले. कन्सोलचा भरवसा म्हटलं की मला साळवे मावशी आठवतात, आणि त्या आठवल्या की हो किंवा नाही असं एका शब्दात सांगता येत नाही. शेवटी तो कंटाळून दुसऱ्या कुणाला तरी विचारायला गेला.

मावशींची आणि माझी ओळख फ्रिजमुळे झाली. पुण्याहून बदली होऊन मी नोएडातल्या ह्या सोसायटीत नुकतीच राहायला आले होते. दुकानाची दोन माणसं माझा नवा कोरा फ्रिज लिफ्टमध्ये घालायच्या बेतात होती. तेवढ्यात कडक इस्त्रीची सुती साडी, घट्ट अंबाडा आणि खांद्याला कापडी पिशवी अशा एक बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. "रुको. खोलो इसको." मला वाटलं, सोसायटीच्या सेक्रेटरी असतील. त्या माणसांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी मुकाट्याने खोका उघडला. बाईंनी पिशवीतून एक कागद काढला, फ्रिजच्या दाराच्या रबरात अडकवला, दार लावलं आणि कागद ओढला. तो सुळकन बाहेर आला.

"वापस ले जाओ."

"अहो, पण..." मी म्हणाले.

‘अहो’ ऐकताच त्या वळल्या. "मराठी का? मग नीट ऐक. ह्या फटीतून गार हवा जन्मभर बाहेर जाणार आणि तू विजेची बिलं भरत बसणार. नवीन आहे म्हणजे चांगलं आहे, असं कुणी सांगितलं तुला?"

कुणीच सांगितलं नव्हतं. फ्रिज परत गेला आणि ऐन मे महिन्यात, बाहेर भाजून काढणारी लू वाहत असताना, मी कोमट पाणी पीत दुसऱ्या फ्रिजची वाट बघत बसले. रागही आला होता. पण दुसऱ्या दिवशी दारात तीच बाई माठ घेऊन उभी. "दुसरा येईपर्यंत हा वापर. गळत नाही, मी बघितलाय." एखाद्यावर असं रागावून राहणं फार अवघड जातं.

एस्तेर साळवे हे त्यांचं नाव. माहेर नगरचं, सासरही नगरचंच. सरकारी खरेदीच्या एका खात्यात तपासणी अधिकारी म्हणून त्यांनी नोकरी केली, दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार केला आणि निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीत फ्लॅट घेतला. निवृत्त झाल्या असं आपलं म्हणायचं. सरकारने तपासणीचं काम काढून घेतलं, मावशींनी ते सोडलं नव्हतं. कुणाच्याही घरी गेल्या की बसण्याआधी टेबलाला हात लावून ते डुगडुगतं का बघायच्या. गीझरला कान लावायच्या, प्लग हुंगायच्या. ‘चालेल’ हा मराठी माणसाचा लाडका शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या सूदबाईंना मुलाने वाढदिवसाला कुकर दिला, तर भर पार्टीत मावशींनी झाकण लावून बघितलं आणि "इसका रिंग ढीला है" म्हणून जाहीर केलं. सूदबाई पुढे कित्येक महिने त्यांच्याशी बोलत नव्हत्या. कुकर मात्र त्यांनी बदलून घेतला.

त्यांची खरी कीर्ती मला कळली ती त्यांच्या यजमानांकडून. भास्करराव साळवे एका सरकारी शाळेत खेळाचे शिक्षक होते. उंच, शिडशिडीत, बोलताना हातांनी अर्धं वाक्य पुरं करणारे. सत्तरीतही सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये टेबल टेनिसला उभे राहिले की कॉलेजची मुलं घामाघूम व्हायची. ते डावखुरे होते आणि त्यांची सर्व्हिस कुणाला कळायची नाही.

भास्करराव ब्लँकेटची गोष्ट खुर्चीवरून उठून, साभिनय सांगायचे. मावशी पंजाबातल्या एका कारखान्यात डोंगरावरच्या चौक्यांसाठी विणलेली ब्लँकेटं तपासायला गेल्या होत्या. कागदावर वजन बरोबर, लोकर बरोबर, मालक आर्जवी आणि टेबलावर काजूकतली. मावशींनी एक ब्लँकेट उचललं, जानेवारीच्या धुक्यात कारखान्याच्या गच्चीवर गेल्या आणि ते अंगाभोवती गुंडाळून खुर्चीवर बसून राहिल्या. मालक खाली येरझाऱ्या घालतोय. बऱ्याच वेळाने मावशी खाली आल्या तेव्हा त्यांचे दात वाजत होते. "मुझे ठंड लगी," एवढंच म्हणाल्या आणि सगळा माल नापास केला. वरून फोन आले, साहेबांनी समजावलं, बदलीची भीती घातली. मावशींचं उत्तर एकच होतं, "सर, आप भी ओढ के बैठिए." कुणी बसलं नाही. ब्लँकेटं परत गेली.

"मलासुद्धा हिने दोनदा नापास केलं होतं," भास्करराव गोष्ट संपवताना डोळे मिचकावून म्हणायचे. "तिसऱ्यांदा पास केलं, तेही अटींवर."

"अटी अजून पुऱ्या झालेल्या नाहीत," स्वयंपाकघरातून आवाज यायचा.

त्या घरात मी किती वेळा जेवले असेन! नाताळात मावशी करंज्या करायच्या. पहिला घाणा भास्कररावांनी खाऊन बघायचा आणि त्यांनी मान डोलावल्याशिवाय बाकीच्यांना मिळायचा नाही, असा नियम होता. मला वाटतं, जगात एकाच माणसाच्या मतावर मावशींनी कधी कागद अडकवून बघितला नाही.

मग एका सकाळी दात घासताना भास्कररावांच्या हातातला पेला खाली पडला. तो उचलायला ते वाकले आणि तसेच कलंडले.

वेळेत इस्पितळात नेलं म्हणून जीव वाचला. बोलणं राहिलं, जरा जड झालं एवढंच. पाय काठीच्या आधाराने हळूहळू टेकू लागला. डावा हात मात्र दुसऱ्याचा उसना आणल्यासारखा मांडीवर पडून असायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की पहिले काही महिनेच महत्त्वाचे, हात परत यायचा असेल तर ह्याच काळात येईल, नंतर फारसं काही होत नाही. मावशी मान ताठ ठेवून ऐकत होत्या.

घरी व्यायाम शिकवायला सीमा नावाची एक हरियाणवी फिजिओथेरपिस्ट येऊ लागली. मातीचा गोळा दाबा, खुंट्या भोकांत बसवा, बोटं एकेक करून उघडा. भास्कररावांनी पहिल्या आठवड्यात केलं, दुसऱ्यात चिडले आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. "मी बालवाडीत आहे का?" एवढंच म्हणायचे. ज्या हाताने आयुष्यभर चेंडू फिरवला, त्या हाताने लाकडी खुंटी भोकात घालता येत नाही हे बघणंच त्यांना सोसत नव्हतं. माणूस दुखण्याने खचतो त्याहून जास्त अशा अपमानाने खचतो, हे मी त्या घरात पाहिलं.

शेवटी सीमानेच तोडगा काढला. "मैडम, अंकलजी एक्सरसाइज नहीं करेंगे. वो खिलाड़ी आदमी हैं, खेलेंगे. वीडियो गेम दिला दो. बाएँ अंगूठे से आदमी चलाना पड़ता है, वही तो हमको चाहिए."

भास्कररावांनी भिंतीकडची मान वळवली. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच. "मागव," ते म्हणाले.

आणि इथे घोडं अडलं. कारण वस्तू विकत घ्यायची होती, आणि ती मावशींनी घ्यायची होती.

त्याच संध्याकाळी त्या माझ्या दारात. "मेघना, तू ते खेळतेस ना? किती दिवस टिकतं?" मी सांगितलं, नीट वापरलं तर वर्षानुवर्षं. "नीट म्हणजे कसं? कशाने बिघडतं? आधी काय बिघडतं?" मला वाटलं होतं मी ह्यातली जाणकार आहे. मावशींनी अर्ध्या तासात मला घाम फोडला. दुसऱ्या दिवशी आम्ही मेट्रोने नेहरू प्लेसच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो. मावशी विकणाऱ्यांच्या एकाही दुकानात शिरल्या नाहीत. त्या दुरुस्ती करणाऱ्यांच्या टपऱ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि प्रत्येकाला विचारत सुटल्या, "भैया, आपके पास क्या खराब होके आता है?" परत येताना मला म्हणाल्या, "विकणाऱ्याला काय विचारायचं? तो त्याचं दुकान सांगणार. दुरुस्तीवाल्याला विचारावं."

तिथून जे कळलं त्यावर तपासणी सुरू झाली. कन्सोल आला, दिवाणखान्यात टीव्हीखाली बसला, आणि भास्कररावांना त्याला हात लावायची मनाई. मावशींनी तो दिवसभर चालू ठेवला, मागच्या जाळीशी थर्मामीटर धरून बसल्या. आमच्या सोसायटीत लाइट गेली की जनरेटर सुरू होताना सगळ्या घरांना एक झटका बसतो, तो झटका ह्याला सोसतो का बघायला त्यांनी मेन स्विच खालीवर केला. पंख्याचा आवाज त्यांना आवडला नाही. पहिला कन्सोल परत. दुसऱ्याची वायर मागच्या खाचेत सैल बसायची. तोही परत.

दिवस जात होते. भास्करराव सुरुवातीला कोचावर येऊन बसायचे, तपासणी बघायचे, चेष्टाही करायचे. मग बसणं कमी झालं. दुसरा कन्सोल परत गेला त्या दिवशी ते उठलेच नाहीत. मी खोलीत डोकावले तर भिंतीकडे तोंड. सीमा दारात थांबली, चप्पल घालता घालता म्हणाली, "मैडम, मशीन की वॉरंटी होती है. हाथ की नहीं होती." आणि निघून गेली.

मावशी उभ्या जागी पांढऱ्याफटक पडल्या. मलाही राहवलं नाही. "मावशी, खेळणं आहे ते, पूल नाहीये! बिघडलं तर बदलून देतात. पण हे दिवस परत मिळणार नाहीत. तुम्ही ताकसुद्धा फुंकून पिता, ठीक आहे, पण इथे ते तहानेने चाललेत!"

इतकं बोलल्यावर मला वाटलं, आता मला बाहेर काढतील. त्या खुर्चीवर बसल्या. हातातलं थर्मामीटर साडीच्या पदराने पुसत राहिल्या.

"तुला काय वाटतं, मला कळत नाही?" त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "अगं, मी त्यांना ओळखते. हा माणूस एकदा उठेल. सगळी हिंमत गोळा करून एकदाच. आणि मध्येच ते यंत्र बंद पडलं ना, तर ते म्हणतील माझ्यामुळेच पडलं, आणि मग पुन्हा उठणार नाहीत. दुसरी संधी नाहीये, मेघना. म्हणून मला ते न बिघडणारं हवंय."

न बिघडणारी वस्तू जगात नसते, हे ज्या बाईने जन्मभर लोकांना सांगितलं, तीच आता तशी वस्तू शोधत होती. मला गलबलून आलं.

तिसरा कन्सोल मावशींनी पास केला. थोडं घाईने, पण केला. उष्णता ठीक, आवाज ठीक, जनरेटरचा झटका ठीक. फक्त एक गोष्ट त्यांनी तपासली नाही, आणि ती का तपासली नाही हे त्यांच्याशिवाय कुणाच्या डोक्यात आलं नसतं. कन्सोलबरोबर जो हातात धरायचा कंट्रोलर येतो, तो त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच काढला नाही. चाचणीसाठी माझ्या घरचा वापरला. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "त्यांच्या हातात पहिल्यांदा जाणार आहे. उष्टा नको."

रविवारी चर्चहून आल्यावर मुहूर्त केला. खेळ मी निवडला होता, अगदी सोपा. एक टोपीवाला माणूस एका बेटावर फिरतो आणि फळं गोळा करतो. भास्कररावांनी उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर ठेवला. मावशींनी पिशवी फोडून कंट्रोलर त्यांच्या हातात दिला, डावा अंगठा डाव्या दांडीवर टेकवला. ती छोटी दांडी जिकडे ढकलावी तिकडे पडद्यावरचा माणूस जातो.

टोपीवाला हलला. हळूहळू, पाय ओढत, डावीकडे चालू लागला.

"चालला!" भास्करराव ओरडले. "एस्तेर, चालला बघ!"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याही. पण मी खेळणारी बाई. पुढच्याच क्षणी माझी नजर त्यांच्या अंगठ्यावर गेली. अंगठा हलला नव्हता. दांडीवर मेल्यासारखा पडून होता. कंट्रोलर खराब होता. ह्याला ड्रिफ्ट म्हणतात. दांडीला कुणी हात न लावताही ती आत कुठेतरी ढळलेली असते आणि माणूस आपोआप एका दिशेला चालत राहतो. जुन्या कंट्रोलरला होतं तसं क्वचित नव्यालाही होतं, आणि नेमकं ह्यालाच झालं होतं.

मी मावशींकडे बघितलं. त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजरही अंगठ्यावर होती. मी तोंड उघडणार, इतक्यात त्यांनी माझं मनगट असं घट्ट धरलं की वळ उठले.

"छान चाललंय," त्या म्हणाल्या. "चालू द्या."

भास्करराव बदलले. सकाळी स्वतःहून मातीचा गोळा मागायचे. खुंट्यांची फळी पुढ्यात ओढायचे, दात आवळून एकेक खुंटी ढकलायचे, पडली की पुन्हा. घामाने बनियन भिजायचं. "आत्ता नुसता चालतोय, त्याला पळवायचाय," म्हणायचे. सीमा खूश. "अंकलजी तो फुल फॉर्म में हैं." आणि दुपारी टोपीवाला बेटावरून डावीकडे, नुसता डावीकडे चालत राहायचा.

मावशी मात्र वाळत चालल्या. एकदा मी भाजीचा डबा परत द्यायला गेले तर त्या ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, नळ सुटा वाहत होता.

"मी सदोष वस्तू पास केली," त्या न वळता म्हणाल्या. "माझ्या घरात. माझ्या माणसाच्या हातात दिली."

"मावशी, बदलून मिळेल. आजच देऊन येते."

"बदलला तर टोपीवाला थांबेल. मग ते समजतील हात गेलाच. आणि नाही बदलला तर एक ना एक दिवस त्यांना कळेलच. मग माझ्यावरचाही विश्वास गेला. कुठूनही धरलं तरी मारणारी मीच."

"मग काय करायचं?"

"हात यायची वाट बघायची. तो यंत्राच्या आधी आला पाहिजे." त्यांनी नळ बंद केला. "प्रार्थना मी रोजच करते. पण प्रार्थनेला तपासणी नसते ना ग."

त्या दिवसापासून मावशींनी त्यांची एक जुनी रीत सुरू केली. बोलता बोलता सहज म्हणून भास्कररावांच्या अंगठ्यात आणि बोटात कागद द्यायच्या आणि "हा धरा जरा" म्हणून हळूच ओढायच्या. कागद निसटायचा. रोज निसटायचा. मी मुद्दाम संध्याकाळी जायचे आणि मावशींच्या चेहऱ्यावरून निकाल वाचायचे. मग एके दिवशी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात एक कागद होता, त्याचा कोपरा फाटलेला. त्यांनी तो माझ्यासमोर धरला.

नवा कंट्रोलर मी आधीच आणून ठेवला होता. ह्या वेळी मावशींनी त्याला उष्टं-बिष्टं काही म्हटलं नाही. माझ्या घरी बसून तासन्‌तास त्यातली प्रत्येक कळ दाबली, दांडी चारी दिशांना फिरवली, हात काढून घेऊन टोपीवाला जागचा हलतो का हे डोळ्यांत तेल घालून बघितलं. नाही हलला. दुसऱ्या दुपारी भास्करराव काठी टेकत बाथरूमला गेले तेव्हा त्यांनी कंट्रोलर बदलला. दिसायला दोन्ही सारखेच, जुळे.

भास्करराव येऊन बसले. हात मांडीवर घेतला, अंगठा दांडीवर ठेवला. मावशी कोचामागे उभ्या, दोन्ही हातांनी कोचाची पाठ धरून. मी जेवणाच्या टेबलाशी.

टोपीवाला उभाच राहिला.

खाली कुणाचं तरी कुरियर आलं होतं, इंटरकॉम वाजून वाजून बंद झाला. टोपीवाला उभा. भास्कररावांच्या मानेची शीर ताणली गेली होती. मावशींचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला वाटलं, धावत जावं आणि टीव्हीच बंद करावा.

"बदललास?" भास्करराव पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

मावशींनी कोचाची पाठ सोडली.

"बरं झालं. जुना एकसारखा डावीकडे पळायचा. उगाच वीट आला होता."

"तुम्हाला..." मावशी कोचावरून पुढे वाकल्या. "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. पडदा बघून नाही, तुझ्यामुळे. एवढ्या वर्षांत खराब वस्तू समोर असताना तू गप्प बसलेली मी बघितली नव्हती." जड जिभेने ते एकेक शब्द नीट लावत होते. "म्हटलं, सरकारशी, साहेबांशी, कुणाशी खोटं बोलली नाही ती बाई माझ्यासाठी खोटं बोलायला लागली. आता हा हात हलवायलाच पाहिजे, नाहीतर ही ह्यातच मरेल."

मावशींनी तोंडावर पदर धरला. भास्कररावांनी खालचा ओठ दाताखाली घेतला. सगळा माणूस त्या एका अंगठ्यात उतरला होता. अंगठा थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला, आणि दांडी केसभर कलली. टोपीवाल्याने मान वळवली, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि उजवीकडच्या खडकावर जाऊन आपटला.

उजवीकडे. खराब कंट्रोलरचा टोपीवाला एकदाही तिकडे गेला नव्हता.

"आपटला," भास्करराव धापा टाकत म्हणाले. "मी आपटवला." आणि मावशी, ज्यांना मी इस्पितळातही रडताना पाहिलं नव्हतं, त्या कोचामागे खाली बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. दुसरं काय करणार होते?

हात पूर्ण आला नाही. टेबल टेनिसची बॅट पुन्हा त्यांच्या डाव्या हातात गेली नाही. पण पेला धरता येऊ लागला, सदऱ्याची बटणं लागू लागली, आणि ते दोघं मुलीजवळ राहायला नगरला परत जायचं म्हणू लागले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना भेटायला गेले. घर रिकामं झालं होतं, भिंतीला खोके लावून ठेवले होते. फक्त टीव्ही आणि कन्सोल तेवढे जमिनीवर मांडलेले, आणि दोघं सतरंजीवर पाय पसरून बसलेली. बेटावर आता दोन टोपीवाले होते. भास्कररावांचा झाडाखाली आंबे वेचत होता. मावशी चष्मा कपाळावर चढवून, जीभ दातांत धरून दुसऱ्याशी झटत होत्या, आणि तो त्यांना न जुमानता एकसारखा डावीकडे चालला होता.

"मावशी, हा तो जुना ना? अजून बदलून घेतला नाहीत? वॉरंटी आहे त्याची."

"असू दे ग," त्या म्हणाल्या. मावशींच्या तोंडून ‘असू दे’! मी तिथेच सतरंजीवर बसले.

"अगं एस्तेर, उजवीकडे, उजवीकडे! समुद्रात चाललीस!" भास्करराव डावा हात हवेत नाचवत हसत होते.

"जाऊ दे त्याला," मावशी म्हणाल्या आणि दोन्ही अंगठ्यांनी त्याला मागे ओढत राहिल्या.